सहा महिन्यांचं कलम: एका एकहाती अल्बमचं प्रकरण

एमिट ऱ्होड्स या विशीतल्या मुलाने कॅलिफोर्नियात आई-वडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये एकट्याने एक पॉप-रॉक अल्बम केला. गाणी त्याची, चाली त्याच्या. पियानो, गिटार, बेस, ड्रम सगळं त्याने वाजवलं आणि मुख्य आवाजापासून मागच्या कोरसपर्यंत सगळं त्यानेच गायलं. १९७०च्या अखेरीला तो अल्बम बाजारात आला आणि अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत २९व्या क्रमांकापर्यंत चढला. पुढचे दोन अल्बम कसेबसे पुरे करून तो थांबला, तेव्हा त्याने पंचविशीही गाठलेली नव्हती.

मधल्या काळात नेमकं काय झालं, एवढाच या लेखाचा विषय. ऱ्होड्स आणि त्याच्या रेकॉर्ड कंपन्या जाहीर नोंदींत आहेत, म्हणून त्यांची नावं ठेवली आहेत. कंपनीतले अधिकारी, वकील, घरची माणसं यांची नावं घेतलेली नाहीत. त्यांच्या हुद्द्यांवर आपलं भागतं.

पार्श्वभूमी

ऱ्होड्सचा जन्म १९५०चा, इलिनॉय राज्यातल्या डिकेटरचा. वाढला मात्र लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्नमध्ये. बीच बॉईज या गाजलेल्या बँडचे विल्सन बंधू ज्या गावचे, तेच हे गाव. शाळकरी वयात तो पॅलेस गार्ड नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. मग मेरी-गो-राउंड या बँडचा तो गायक आणि गीतकार झाला. १९६७ साली त्यांचं ‘लिव्ह’ हे गाणं बऱ्यापैकी चाललं. पुढे १९८४ साली बँगल्स या बँडने ते पुन्हा गायलं, म्हणजे गाण्यात दम होता.

१९६९पर्यंत बँड मोडला. पण ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीबरोबरच्या करारातलं देणं शिल्लक होतं. ते फेडायला ऱ्होड्सने स्टुडिओत व्यावसायिक वादकांना घेऊन काही गाणी रेकॉर्ड केली. कंपनीने ती टेप कपाटात ठेवून दिली. ही टेप वाचकांनी लक्षात ठेवावी, ती परत येणार आहे.

स्टुडिओचं मीटर रिक्षासारखं चालतं. तुम्ही विचार करत बसलात तरी पडतंच. घरी ते मीटर नाही. ऱ्होड्सने यंत्रं जमवली, गॅरेजचा स्टुडिओ केला आणि कामाला लागला. काळही अनुकूल होता. एप्रिल १९७०मध्ये बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने बराचसा घरच्या घरी केलेला, सगळी वाद्यं स्वतः वाजवलेला अल्बम बाजारात आणला होता. एकट्याने रेकॉर्ड करणं ही आता फक्त तऱ्हेवाईकपणाची गोष्ट राहिली नव्हती. ऱ्होड्सचा आवाज आणि चाली मॅकार्टनीच्या इतक्या जवळच्या की लोक त्याला ‘एकट्याचे बीटल्स’ म्हणू लागले. हे कौतुक त्याला जन्मभर चिकटलं, आणि कौतुकाला असतो तसा त्याचा काचही झाला असणार.

अल्बम एबीसी/डनहिल कंपनीने काढला. कंपनीने त्याच्याशी केलेल्या करारात असं ठरलं होतं की तीन वर्षं, दर सहा महिन्यांना एक अल्बम द्यायचा. म्हणजे एकूण सहा.

अडचण

आजच्या डोळ्यांनी हे कलम अमानुष दिसतं. पण कंपनीच्या बाजूनेही बघायला हवं, कारण त्या काळी हा वेग जगावेगळा नव्हता. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल या बँडने एकट्या १९६९ सालात तीन अल्बम काढले होते. एल्टन जॉनचे १९७० साली दोन आले, १९७३ साली पुन्हा दोन. कंपनीच्या कारकुनाने छापील करारात सहाचा आकडा भरला असेल तर त्यात त्याला काही वावगं वाटलं नसेल.

फरक हातांचा होता. एल्टन जॉनसाठी शब्द बर्नी टॉपिन लिहायचा. ध्वनिमुद्रणाची निर्मिती गस डजन सांभाळायचा, वाद्यवृंदाची रचना पॉल बकमास्टर करायचा, शिवाय वादक वेगळे. चार-पाच कामं एकाच वेळी चालू. ऱ्होड्सच्या गॅरेजमध्ये हीच कामं एकामागून एक रांगेत उभी होती, आणि रांगेच्या तोंडाशी माणूस एकच.

त्यात त्याच्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंग यंत्राची तऱ्हा समजून घ्यायला हवी. घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करणाऱ्या आजच्या मुलांना ती सांगूनही खरी वाटत नाही. टेपवर चार समांतर पट्ट्या असतात. एकीवर पियानो, दुसरीवर ड्रम, तिसरीवर बेस भरला की जागा संपत आली. आता गिटार आणि आवाज कुठे ठेवणार? मग त्या तीन पट्ट्यांचं मिश्रण करून ते चौथीवर उतरवायचं आणि पहिल्या तीन मोकळ्या करायच्या. एकदा हे केलं की बेस जरा जास्त झाला, ड्रम दबला, असं म्हणून उपयोग नाही. मिसळलेल्या दुधातून पाणी काढता येत नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची सूं अशी सरसर वाढते. म्हणून पुढे काय येणार आहे ते सगळं आधी डोक्यात वाजवून बघावं लागतं. मगच पहिला निर्णय.

एकट्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, ती यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते. ड्रमपुढचा माइक बरोबर लागला आहे का, हे बघायला ड्रम वाजवावा लागतो आणि यंत्रापाशी बसून ऐकावंही लागतं. दोघे असले तर दहा मिनिटांचं काम. एकटा असला तर वाजव, ऊठ, टेप मागे घे, ऐक, माइक सरकव, परत बस. वादक म्हणून हात गरम होतात तोवर रेकॉर्डिस्ट म्हणून उठावं लागतं. ज्यांनी कधी एकट्याने घरी गाणं रेकॉर्ड केलं आहे त्यांना ही कवायत माहीत आहे.

आता साधा हिशेब. पहिल्या अल्बममध्ये बारा गाणी. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. गाण्याला दोन आठवडे मिळतात. त्या दोन आठवड्यांत शब्द सुचायचे, चाल बसायची, सहा-सात वाद्यं आणि तीन-चार आवाज एकेक करून भरायचे, मिश्रण करायचं. आणि हे न थकता, न आजारी पडता, मुलाखती नि प्रसिद्धीला एक दिवसही न देता. पहिल्या अल्बमचं शेवटचं मिश्रण तर कीथ ओल्सन आणि कर्ट बेचर या दोन जाणत्यांनी केलं होतं. म्हणजे ज्याला आपण एकहाती म्हणतो त्या कामालाही शेवटी आणखी हात लागले होते. करार लिहिताना ही गोष्ट कुणाच्या तरी ध्यानात यायला हरकत नव्हती.

घरचं झालं थोडं

पहिला अल्बम चालतो आहे असं दिसताच ए अँड एमला कपाटातली टेप आठवली. त्यांनी १९६९ची ती गाणी ‘द अमेरिकन ड्रीम’ या नावाने अल्बम करून साधारण त्याच सुमाराला बाजारात सोडली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, त्यातला प्रकार. दुकानात गेलेल्या माणसाला दोन कंपन्यांचे दोन ऱ्होड्स दिसत होते. अनेकांना वाटलं की हाच पहिल्याच्या पुढचा अल्बम. ज्यांना गॅरेजमधला जवळचा, खासगी वाटावा असा आवाज आवडला होता, त्यांच्या हाती स्टुडिओतली सजवलेली गाणी पडली.

कायद्याच्या दृष्टीने ए अँड एमने काही चुकीचं केलं नाही. टेप त्यांच्या मालकीची होती. कलाकाराच्या दृष्टीने मात्र स्वतःचीच जुनी गाणी स्वतःच्या नव्या गाण्यांच्या आडवी आली.

समोरचे मार्ग

१९७१च्या सुरुवातीला ऱ्होड्सपुढे जे मार्ग होते ते असे मांडता येतील.

एक, करार बदलून घ्यायचा. अल्बम २९व्या क्रमांकावर गेला आहे, कंपनी खूश आहे, हीच बोलणी करायची वेळ. मागायचं फक्त एक, सहाच्या जागी बारा महिने. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त मार्ग होता आणि तो जेमतेम काही महिने उघडा होता. विक्री उतरली की कंपनीला ऐकून घेण्याचं कारण उरत नाही.

दुसरा मार्ग हाताखाली माणसं घेण्याचा. निदान एक रेकॉर्डिस्ट, जमल्यास एक ड्रमर. वेळ निम्म्याने वाचला असता. पण अल्बमची सगळी ओळखच ‘सगळं एकट्याने’ अशी झालेली. जाहिरातीतली ती ओळ काढून टाकायची, आणि आवाजाचा पोतही थोडा बदलू द्यायचा. विशीतल्या, नुकतंच नाव झालेल्या मुलाला हे सांगणं सोपं नाही.

तिसरा मार्ग म्हणजे दर्जा खाली आणून मुदत पाळणं. जुनी अर्धवट गाणी, दुसऱ्यांची गाणी, लांबवलेले तुकडे घालून अल्बमची दुसरी बाजू भरायची. उद्योगात हे सर्रास चालायचं. आणि शेवटचा मार्ग, आहे तसंच चालू ठेवायचं, जमेल तेव्हा द्यायचं आणि कंपनी समजून घेईल असं धरून चालायचं.

काय केलं गेलं

प्रत्यक्षात घडलं ते या शेवटच्या मार्गाने. ऱ्होड्स गॅरेजमध्ये परत गेला आणि तशाच पद्धतीने दुसरा अल्बम करत बसला. ‘मिरर’ १९७१ साली आला. पहिल्यानंतर जवळपास वर्षाने. एकट्याने गाणी लिहून, वाजवून, गाऊन, रेकॉर्ड करून वर्षात अल्बम देणं ही खरं तर भले भले करू शकणार नाहीत अशी गोष्ट. करारानुसार मात्र त्याला सहा महिने उशीर झाला होता.

‘मिरर’ यादीत कुठेतरी तळाशी दिसला आणि नाहीसा झाला. ‘फेअरवेल टू पॅराडाइज’ हा तिसरा अल्बम १९७२चा. नावातच निरोप होता.

दरम्यान डनहिलने त्याच्यावर वेळेत अल्बम न दिल्याबद्दल अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि त्याची रॉयल्टी, म्हणजे गाण्यांच्या कमाईतला त्याचा वाटा, अडवून धरली. मला हा सगळ्यात कळीचा टप्पा वाटतो. नुसता दावा असता तर वकील करून लढता आलं असतं. पण लढायला लागणारे पैसे जिथून यायचे तो नळच समोरच्या पक्षाच्या हातात. पहिल्या अल्बमची गाणी रेडिओवर वाजत होती, ‘फ्रेश अ‍ॅज अ डेझी’ हे गाणं एकेरी गाण्यांच्या यादीत ५४व्या क्रमांकावर जाऊन आलं होतं, आणि ते गाणं करणाऱ्याच्या हाती त्यातलं येणं थांबलं होतं. न दिलेल्या अल्बमचा राग दिलेल्या अल्बमच्या पैशांवर निघाला.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वैयक्तिक सेवेच्या करारांना सात वर्षांची मर्यादा आहे. पण तीन वर्षांच्या करारात विशीतला मुलगा अडकतो तेव्हा सात वर्षांच्या मर्यादेचा त्याला काय उपयोग?

परिणाम

कंपनीला सहापैकी तीन अल्बम मिळाले. ऱ्होड्सने पुढे स्वतःचं गाणं जवळजवळ सोडलं आणि दुसऱ्यांच्या गाण्यांची निर्मिती, रेकॉर्डिंग ही कामं करू लागला. इलेक्ट्रा/असायलम या कंपनीतही त्याने काही काळ काम केलं. म्हणजे रांगेतली जी कामं एका माणसाला जड झाली होती, त्यातल्याच एका कामावर पोट चालवलं. त्याची गाणी मात्र जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांमध्ये फिरत राहिली. २००१ साली वेस अँडरसनच्या ‘द रॉयल टेनेनबाम्स’ या चित्रपटात ‘ललबाय’ वाजलं. पहिल्या अल्बममधलं हे जेमतेम मिनिटभराचं गाणं. २००९मध्ये त्याच्यावर माहितीपट आला.

दोष कुणाचा असं विचारलं तर सोपं उत्तर ‘लोभी कंपनी’ हे. मला ते पुरेसं वाटत नाही. कंपनीने छापील कागद वापरला आणि समोरचा माणूस त्या कागदात बसतो का हे पाहिलं नाही. ऱ्होड्सने जागा स्वतःची मिळवली, यंत्रं स्वतःची, निर्णय स्वतःचे. पण कॅलेंडर दुसऱ्याचं राहू दिलं. स्टुडिओचं मीटर चुकवायला घरी आला खरा, पण करारात तेच मीटर तासांऐवजी महिन्यांनी धावत होतं.

या प्रकरणाशेजारी टॉम शोल्झचं प्रकरण ठेवून बघावं. बॉस्टन या बँडचा हा माणूस मूळचा यंत्र अभियंता. त्यानेही १९७६चा पहिला अल्बम बराचसा घराच्या तळघरात स्वतःच वाजवून केला, त्यालाही हवं तसं जमेपर्यंत टेप सोडवत नसे. दुसरा अल्बम १९७८ साली, तिसरा थेट १९८६ साली. त्याच्यावरही कंपनीने उशिराबद्दल दावा लावला. पण शोल्झचा पहिला अल्बम लाखोंनी खपला होता आणि त्याने दरम्यान गिटारवादकांसाठी उपकरणं बनवणारी स्वतःची कंपनी काढली होती. ‘रॉकमन’ नावाचा त्याचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हातोहात जात होता. तो वर्षानुवर्षं लढला आणि १९९० साली निकाल त्याच्या बाजूने लागला. दोघांचा हट्ट सारखाच होता. एकाकडे गाण्याबाहेरचं उत्पन्न होतं, दुसऱ्याकडे नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

मुदत कशापासून मोजायची, हा पहिला मुद्दा. करारावर सही झाल्या दिवसापासून मोजली तर पहिल्या अल्बमची प्रसिद्धी, मुलाखती, सगळं दुसऱ्या अल्बमच्या वेळातून जातं. मागचा अल्बम प्रकाशित झाल्या तारखेपासून बारा ते अठरा महिने अशी मोजणी ठेवली असती तर ‘मिरर’ वेळेत आला असं म्हणावं लागलं असतं. तोच अल्बम, तीच तारीख.

दुसरं, दिलेल्या कामाचे पैसे आणि न दिलेल्या कामाचा दंड यांच्यात भिंत हवी होती. एका अल्बमला उशीर झाला तर पुढची आगाऊ रक्कम रोखा, पण आधीच्या अल्बमच्या रॉयल्टीला हात लावू नका, एवढं एक वाक्य. हे वाक्य असतं तर दावा लढवता तरी आला असता.

ए अँड एमच्या टेपबद्दल फारसं काही हाती नव्हतं. फार तर डनहिलने त्यांच्याशी बोलून तारखा पुढे-मागे करून घ्यायच्या. हे काम कलाकाराचं नव्हतं, कंपनीचं होतं.

आणि मदतनीस? इथे माझं मन थोडं दुभंगतं. पहिला अल्बम ऐकताना वाटतं, यात दुसऱ्या कुणाचा हात नको होता. ड्रम वाजवणाऱ्यालाच पुढची गिटार कुठे येणार आहे हे माहीत असल्यामुळे तो तिथे आपोआप जागा सोडतो, हे ऐकू येतं. पण माइक सरकवायला, टेप मागे घ्यायला एक माणूस ठेवला असता तर यातलं काहीच बिघडलं नसतं. टॉड रंडग्रेनने १९७२च्या ‘समथिंग/एनीथिंग?’ या दुहेरी अल्बममध्ये चारपैकी तीन बाजू एकट्याने केल्या आणि चौथीला सरळ माणसं बोलावली. अल्बमचं काही बिघडलं नाही.

पुण्या-ठाण्यात, नाशकात, मडगावात एका खोलीत संगणकापुढे एकट्याने मराठी किंवा कोकणी अल्बम करणाऱ्यांना या प्रकरणातला किती भाग लागू पडतो? बराच. ट्रॅक आता हवे तितके आहेत आणि चुकलेलं मागे घेता येतं, पण माणूस अजून एकच आहे. कायदा मात्र आपल्याकडे काही बाबतींत कलाकाराच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, ते संपतात. म्हणजे कपाटात पडलेल्या टेपबद्दल सही करण्याआधीच विचारायला जागा आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. हे शब्द आणि चालीपुरतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारीने ते करवलं तो कायद्याने निर्माता. स्वतःच्या खर्चाने स्वतःच्या खोलीत रेकॉर्ड करणारा बहुधा स्वतःच निर्माता असतो, हे त्यालाच माहीत नसतं आणि तो ते हक्क ‘सोबत’ म्हणून लिहून देतो. किती महिन्यांत किती गाणी द्यायची याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. ते कलम स्वतःच वाचायचं आणि पेन्सिलने शेजारी आठवड्यांचा हिशेब मांडून बघायचा.

नंतर

२०१६च्या फेब्रुवारीत, तिसऱ्या अल्बमनंतर चार दशकांहून अधिक काळाने, ऱ्होड्सचा ‘रेनबो एंड्स’ आला. रेकॉर्डिंग हॉथॉर्नलाच, त्याच्या घरच्या स्टुडिओत. निर्माता क्रिस प्राइस हा त्याच्याहून बराच तरुण संगीतकार होता. एमी मॅन, जॉन ब्रायन ही संगीतकार मंडळी सोबतीला होती, आणि ‘लिव्ह’ पुन्हा गाणाऱ्या बँगल्सपैकी सुझॅना हॉफ्सही. ऱ्होड्सने गाणी लिहिली आणि गायली, बाकीचं पुष्कळसं त्यांच्यावर सोपवलं. १९ जुलै २०२० रोजी, सत्तराव्या वर्षी, तो गेला. ‘रेनबो एंड्स’ हा त्याचा शेवटचा अल्बम ठरला.